आधी मन, मग हात

आमच्या घरच्या पोळीला तंबाखूची चव यायची. कणीक मळायच्या आधी माय राखेने हात घासायची, मग लिंबाची साल चोळायची, तरी पहिल्या घासाला जीभ कडू व्हायचीच. पोळी अशीच लागते असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. कॉलेजात एका मैत्रिणीच्या डब्यातली पोळी खाल्ली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की गहू गोड असतो. जबलपूरच्या घमापुरात आमची एक खोली आणि पुढे टिनाची पडवी होती. बाबा फॅक्टरीत घण चालवायचे. सुरुवातीची कितीतरी वर्षं ते कायम नव्हते. काम असलं तर बोलवायचे, नसलं तर फाटकावरून परत पाठवायचे. अशा दिवशी ते घरी येऊन हातपाय धुवायचे आणि कोपऱ्यात पाठ टेकून बसायचे, आणि मायच्या कैचीचा आवाज वाढायचा. तेंदूची पानं रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली असायची. टिनाचा साचा पानावर ठेवायचा, भोवतीने कैची फिरवायची, तंबाखू भरायचा, गुंडाळायचं, सूत बांधायचं. सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की पडवीत हे सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. मोठी बहीण मित्राताई आणि मी शाळेतून आलो की दप्तर टाकून मायच्या सुपासमोर बसायचो. ज्या महिन्यात बाबांना काम नसे त्या महिन्यात आम्ही बिडीवरच जेवलो, हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

आमचे लोक भंडाऱ्याकडचे. जबलपुरात आल्यावर बाहेर हिंदी आणि घरात मराठी, तीही अर्धी. पण रविवारी सकाळी विहारात सगळे पांढरे कपडे घालून जमायचे, आणि तिथे मराठीच चालायची. वंदना झाली की मेश्राम काका बोलायला उभे राहायचे. ते पोस्टात होते, थोडं वाचलेले होते, आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: आधी मन, मग हात. माणसाच्या हातून जे होते ते पहिले मनात झालेलं असते. म्हणून मन धुवा, हात आपोआप धुतले जातील. बाबांनी हे वाक्य उचललं आणि घरात आणलं. बाबांना अक्षरओळख जेमतेम होती, पण ते आम्हाला सांगायचे, "पोरीहो, मनात पक्कं करा का आपल्याले ग्रॅज्युएट व्हायचं हाय. हात मागून येते." ताईचं लग्न बोर्डाच्या आधीच ठरलं, ती बालाघाटला गेली. मी राहिले. मी मनात पक्कं केलं, आणि खरोखरच हात मागून आले. बोर्ड पास झाले, सायन्सला प्रवेश मिळाला. मोहल्ल्यातल्या आमच्या लोकांत कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. त्या दिवशी बाबांनी खव्याची जलेबी आणली, कागदाचं तेल शर्टाला लागलं तरी ती छातीशी धरून आणली. सांगायचं कारण असं की त्या वाक्यावर आमचं घर उभं होतं. आम्ही देव सोडले होते, अंगारे-धुपारे सोडले होते, झाडफूक करणाऱ्या गुनियाच्या दारात जाणं सोडलं होतं. त्या सगळ्याच्या जागी आमच्याकडे हे एवढंच होतं.

मी पहिल्या वर्षाला असताना ताई बाळंतपणाला घरी आली. मुलगा झाला. घर डिंकाच्या आणि मेथीच्या वासाने भरून गेलं. तंबाखूचा वास पहिल्यांदाच मागे पडला. मायने ताईसाठी लाडू केले आणि डबा उंच फळीवर ठेवला, कारण मी चोरून खायचे. बाळाला सगळे राजा म्हणत. मी कॉलेजातून आले की सायकल भिंतीला लावायच्या आधी त्याला बघायचे. त्याचं डोकं हातात घेतलं की अंड्यासारखं गरम लागायचं.

एक दुपार होती. ताई आत झोपली होती, माय सट्टेदाराकडे, म्हणजे बिड्या गोळा करणाऱ्या ठेकेदाराकडे माल द्यायला गेली होती. मी पडवीत पानं कापत होते आणि राजा माझ्या मांडीजवळ फडक्यावर निजला होता. मायने त्याच्या टाळूवर तेल घातलेलं होतं. ती मऊ जागा खालीवर होत होती. मी बघत होते, आणि माझ्या डोक्यात एक वाक्य आलं. कुणी बोललं नाही, मी आणलं नाही. आलं: ही कैची इथे घातली तर?

मी कैची फेकली. ती टिनावर आदळली आणि राजा दचकून रडायला लागला. ताई आतून ओरडली, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, सटकली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. आजवर मला पुष्कळ गोष्टींची भीती वाटली, पण असा धक्का पुन्हा बसला नाही. आपल्या घरात एक खुनी माणूस आहे आणि तो आपण आहोत, असं कळल्यावर काय होतं ते ज्याला कळलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. मला राजाचा राग नव्हता. ताईचा नव्हता. मला तो जिवापाड आवडत होता. मग हे कुठून आलं? आणि दुसऱ्या क्षणी मला उत्तर सापडलं, कारण ते मला लहानपणापासून पाठ होतं. आधी मन, मग हात. कॉलेज मनात आलं, हातून झालं. आता हे मनात आलं.

त्या दिवसापासून मी कैचीला हात लावला नाही. मी फक्त सूत बांधायचे, आणि राजा पडवीत आणला की तेही सोडून आत जायचे. माय हसायची, "कॉलेजात गेली अन् बोटं नाजूक झाली बाईची." मी हसून घ्यायचे. पण ते वाक्य कैचीपुरतं राहिलं नाही. चुलीवर आधण ठेवलं की यायचं, विहिरीवर गेलं की यायचं, राजाच्या अंगावर गोधडी घालताना यायचं. आलं की मी पहिलं शील म्हणायचे, प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं. एकदा म्हणून जात नसे, म्हणून पुन्हा म्हणायचे, आणि मध्येच ते वाक्य घुसलं तर पहिल्यापासून. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये बेडूक होता. मी कात्री उचलली नाही. मॅडमना वाटलं मी शाकाहारी. आमच्या घरी नर्मदेची मासोळी शिजायची त्या दिवशी शेजाऱ्यांना वासाने कळायचं, पण मी हो म्हणून मान हलवली.

आता या आजाराला नाव आहे, माझी नात ते इंग्रजीत फाडफाड सांगते, तिच्या कॉलेजात त्यावर भाषणं होतात. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मी वाईट आहे आणि ते अजून कुणाला कळलेलं नाही.

मग विहारातला तो रविवार. मेश्राम काका एक एक शील सांगत आणि सगळे मागून म्हणत. पहिलं शील आलं आणि माझ्या तोंडून आवाज निघेना. मला वाटलं, मी हे म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर खोटं बोलणं. मी बायकांच्या पहिल्या रांगेत, काकांच्या अगदी समोर. त्यांनी पाहिलं की माझे ओठ मिटलेले आहेत. ते थांबले. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, त्यांनी मोठ्याने पुन्हा सांगितलं. सगळ्या विहाराने पुन्हा म्हटलं. मी गप्प. पुरुषांच्या बाजूने बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाहेर पडल्यावर एक मावशी म्हणाली, "कॉलेजवाली पहिलंच विसरली का व?" बाकीच्या हसल्या. बाबा हसले नाहीत. घरी येईपर्यंत ते सायकल हातात धरून चालले, बसले नाहीत.

त्याच महिन्यात ताईच्या सासरकडून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा रेल्वेत. बाबांनी नाहीच म्हणायचं ठरवलं होतं. पोरगी शिकून राहिली, मग पाहू. रीत म्हणून त्यांनी मला विचारलं. दुपारी सगळे पडवीत होते. माय पानं कापत होती, ताई राजाच्या अंगाला तेल लावत होती. मी दाराच्या चौकटीत उभी होते, त्याहून पुढे मी येतच नसे. मी म्हटलं, हो म्हणा.

कैची थांबली. बाबांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही.

"काय म्हणून राहिली?"

"हो म्हणा. करते मी लग्न."

"अन् कॉलेज?"

"सोडते."

बाबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. फाटकावरून परत पाठवलेल्या दिवशीही तो तसा नसायचा. त्यांनी विचारलं, काहून, कोणी काही बोललं का, कॉलेजात कोणी त्रास देते का, जातीवरून काही झालं का. मी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणून मान हलवत गेले. मला फक्त त्या घरातून जायचं होतं, राजा आहे तिथून दूर. लग्नानंतर मलाही मूल होईल हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, इतकी मी घाबरले होते.

ताईचे हात तेलाचे होते. ती राजाला माझ्याकडे उचलून धरत म्हणाली, घे याले, हात धुऊन येते. मी दोन पावलं मागे गेले. मी तिच्या मुलाला किती दिवसांत हात लावलेला नाही हे तिने मनात धरून ठेवलं होतं, आणि ते आता सगळं बाहेर आलं. ती म्हणाली, "एवढी शिकली तं माझं लेकरू बाटते का तुले? विटाळ होते का तुले माझ्या लेकराचा?"

आमच्या घरात विटाळ हा शब्द कुणी उच्चारत नसे. तो शब्द आमच्यावर इतके दिवस वापरला गेला होता की बाबांनी घरात त्याला बंदी केली होती. मला तो लागला तसा कुठलाच मार लागला नसता. मी बोलले. मी म्हटलं, बाटत नाही ताई, मी त्याला मारीन म्हणून भेते. मग थांबता आलं नाही; कैची, टाळू, आधण, विहीर, सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच कुणा परक्या बाईसारखा वाटत होता.

 ताईने राजाला छातीशी घेतलं, उठली, माझ्या बाजूने न जाता भिंतीला घासत आत गेली आणि आतून कडी लावली. आमच्या खोलीची कडी दिवसा कधीच लागत नसे. ती गंजलेली होती, करकरत लागली. माय खाली मान घालून बिडी गुंडाळत राहिली. तिने पान उचललं, गुंडाळलं, सूत बांधलं, दुसरं उचललं. मी बघत होते. ती तंबाखू भरतच नव्हती. नुसती पानं बांधत होती.

बाबा उठले, खुंटीवरचा शर्ट घातला, आणि मेश्राम काकांकडे गेले. परत आले ते काका काही सांगू शकले नाहीत म्हणून आणखीच भेदरलेले. शेजारणीला भिंतीपलीकडून अर्धं ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, दीदी, नजर लगी है, एक आदमी है हमारा, झाड़ देगा. माय तिच्यासोबत जायला उंबऱ्यापर्यंत गेली होती. बाबा म्हणाले, त्या दारात आपण जाणार नाही, पोरगी मेली तरी नाही. मग लगेच त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते माझ्याजवळ येऊन बसले. "उद्या दवाखान्यात जाऊ," म्हणाले. "डोक्याचं हाय तं डोक्याचा डॉक्टर असन."

फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुढे मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथे ज्या खोलीसमोर आम्ही बसलो तिला बाहेरचे लोक पागलखानाच म्हणत. बाकावर एक म्हातारा आपल्याच बुटाशी बोलत होता. मला वाटलं, ही माझी जागा, हे मला आता ठेवून घेणार. बाबांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की मागून त्याचे वळ दिसत होते.

डॉक्टर वयाने फार नव्हते. त्यांनी मला हिंदीत बोलायला लावलं, आणि एक चमत्कार असा की हिंदीत ते सांगणं सोपं गेलं. ती माझ्या मायची भाषा नव्हती. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. शेवटी विचारलं, करायची इच्छा होते का? मी रडत म्हटलं, मरने की इच्छा होती है, ये करने की नहीं. त्यांनी मरणाबद्दल आणखी चार प्रश्न विचारले, शांतपणे, भाजीचा भाव विचारावा तसे. मग बाबांना आत घेतलं आणि सांगितलं की ही मुलगी कुणाला मारणार नाही.

बाबांना सुटकेने बसायला हवं होतं. ते उभेच राहिले, आणि डॉक्टरांशी भांडले. म्हणजे हात जोडून भांडले. म्हणाले, "साहब, हमने बच्चों को एक ही बात सिखाई है. पहले मन, फिर हाथ. जो मन में आया, वही हाथ करेगा. फिर आप कैसे बोलते हो नहीं करेगी?"

डॉक्टरांनी विचारलं ते काय काम करतात. घण चालवतो, म्हणाले. मग विचारलं, फोरमॅन कसा आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"कभी मन में आया, उसको मार दूँ?"

आमच्या बाबांनी आम्हाला कधी चापट मारली नव्हती. मुंग्यांच्या रांगेवरून ते पाय उचलून जायचे. 

"रोज," ते म्हणाले.

"घन किसके हाथ में था?"

"मेरे."

"और मारा?"

"नहीं साहब." आणि मग अगदी हळू, "एक बार भी नहीं."

डॉक्टर म्हणाले, मनात सगळ्यांच्या सगळं येतं. आपके मन में आता है, निकल जाता है. इसके मन में आता है, अटक जाता है. बस इतनी बीमारी है. आणि अडकतं का, तर ही त्याला घालवायला जाते म्हणून. शील म्हणते, हात दाबते, पळते. जी मुलगी अशा विचाराने एवढी घाबरते ती करणाऱ्यातली नसते.

मी बाबांकडे बघत होते. डॉक्टरांचं बोलणं मला नंतर समजलं. त्या वेळी मला फक्त 'रोज' ऐकू येत होतं. माझ्या बापाच्या मनात रोज एक खून येत होता, आणि तो रोज संध्याकाळी घरी येऊन मुंग्या वाचवत होता. परत येताना सायकलवर मी पुढे दांड्यावर बसले, एवढी मोठी मुलगी असून. सदर बाजार मागे पडल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "फोरमॅनचं तुह्या मायले नको सांगू. भेईन ते."

गोळ्या सुरू झाल्या. तोंड कोरडं पडायचं, कॉलेजात पहिल्या तासाला डोळे मिटायचे. आणि गोळ्यांसोबत काम दिलं होतं: कैची हातात घ्यायची. आधी एकटीने, मग माय जवळ असताना, मग राजा त्याच खोलीत असताना, आणि विचार आला तर येऊ द्यायचा, शील म्हणायचं नाही. शील न म्हणणं हे मला सगळ्यात अवघड गेलं. बाबांनी काकांना जाऊन सांगितलं, पोरगी काही दिवस विहारात बसेल पण म्हणणार नाही, डॉक्टरने मना केलं. काकांना पटलं नाही, पण ते माझ्याकडे बघून थांबले नाहीत पुन्हा कधी. पानं कापताना मला घाम यायचा. साचा ओला व्हायचा. माय समोर बसून आपली कैची चालवायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही. डॉक्टरांनी तिच्यासाठी तसंच सांगून पाठवलं होतं, आणि ती ते औषधासारखं पाळायची.

शेवटच्या कामापाशी सगळं अडलं, कारण ते माझ्या हातात नव्हतं. राजा ताईचा होता. तिला हे करायला कुणी कसं सांगणार? बाबांनी सांगितलं नाही. माय बोलली नाही. मला तर तोंड उघडणं शक्यच नव्हतं. ताई माझ्याशी बोलायला लागली होती, मीठ दे, साडी काढ, एवढं. पण मी पडवीत असले की ती राजाला आत ठेवायची, आणि मला तिचा राग येत नसे. त्या जागी मी असते तर मीही कडी लावली असती. तिचं सासरी जायचं जवळ आलं. सामान बांधून झालं होतं.

जायच्या आदल्या दिवशी मी पानं कापत बसले होते. ताई बाहेर आली. तिने माझ्या मांडीजवळ फडकं अंथरलं, त्यावर राजाला ठेवलं, त्याच्या टाळूला तेल लावलेलं होतं. तिचा हात त्याच्या अंगावरून निघत नव्हता, मला दिसत होतं. मी कैची खाली ठेवायला गेले तर ती म्हणाली, "ठेवू नको. डॉक्टरने सांगतलं नं, ठेवायची नाही म्हणून." मग उठली. "पाहजो याले. मी न्हाऊन येते."

ती खरंच गेली. न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज आला. विचार आला, यायचाच होता, आधीच्यापेक्षा जोरात आला. मी पान घेतलं, साचा ठेवला, कापलं. राजा जागा होता, कैचीच्या आवाजाकडे टकमक बघत होता. मी दुसरं कापलं. विचार तिथेच होता. मी कापत राहिले. न्हाणीतला आवाज थांबला, पण ताई लगेच आली नाही. ओले केस पुसत ती मायशी आत काहीबाही बोलत राहिली, मुद्दामच, हे मला मागून कळलं. ती आली तेव्हा राजा झोपलेला होता आणि माझ्यासमोर कापलेल्या पानांचा ढीग होता. तिने ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाकडी कापली व सगळी." सगळी वाकडीच होती. माय दारातून म्हणाली, सट्टेदार यातलं एक घेणार नाही. आणि आम्ही तिघी हसत सुटलो, हसता हसता ताई रडायला लागली, आणि मग तिच्यासोबत मी.

विचार पूर्ण गेले असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला सांगू? माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी ते आले, आणि मी त्या दवाखान्यात गेले, तेव्हा कुणाला मनगट धरून न्यावं लागलं नाही. रेल्वेतल्या मुलाला बाबांनी नकार कळवला. पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला, तो पुढच्या वर्षी काढला, प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडूक मी स्वतः उघडला. तिसऱ्या वर्षी मी बी.एस्सी. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी ग्रॅज्युएट झालेलं नव्हतं.